राणीचे काम कोणी करायचे?

कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास सिंधुदुर्गातल्या देवळांच्या जत्रा सुरू होतात आणि मग पावसाळ्याच्या तोंडापर्यंत रोज रात्री कुठे ना कुठे दशावताराचा खेळ लागलेला असतो. खेळापूर्वी देवळाच्या पडवीत किंवा ताडपत्री बांधून केलेल्या आडोशात नट आपापल्या पत्र्याच्या पेट्या उघडून बसतात आणि प्रत्येक जण आरसा समोर धरून स्वतःची रंगभूषा स्वतःच करतो. स्त्रीपार्टी करणाऱ्या नटाला सर्वांत जास्त वेळ लागतो. दाढी दोनदा घोटलेली असली तरी हनुवटीवरची हिरवट छटा झाकण्यासाठी तो तिथे पुन्हा पुन्हा बोट फिरवतो, मग भुवया, मग कुंकू, आणि शेवटी पिना दातांत धरून लुगड्याच्या निऱ्या. दहा मिनिटांपूर्वी बिडी ओढत भाताच्या दराबद्दल तावातावाने बोलणारा हा माणूस पायपेटीचा सूर लागताच बाकड्यावर येऊन बसतो, आणि समोरची दोन-तीनशे माणसे, ज्यांतली निम्मी त्याला नावानिशी ओळखतात, त्याला राणी म्हणून मान्य करून टाकतात. तो घरी कोणाबरोबर संसार करतो किंवा त्याचे मन कोणावर जडते, हे त्या वेळी कोणी विचारत नाही. निदान खेळ चालू असेपर्यंत तरी विचारत नाही.

हे आधी सांगितले, कारण ज्या वादाबद्दल हा लेख आहे तो वरवर पाहता परदेशी वाटतो. समलिंगी माणसाची भूमिका समलिंगी नटानेच करावी का, भिन्नलिंगी नटाने ती केली तर काय बिघडते, आणि उलट एखादा नट समलिंगी आहे हे ठाऊक झाल्यावर त्याला नायकाचे काम देताना निर्माते का कचरतात, या प्रश्नांवरून इंग्रजी चित्रपटसृष्टीत बरीच वर्षे घमासान चालू आहे, आणि वेब मालिका घरोघरच्या मोबाइलवर आल्यापासून तेच प्रश्न मराठीतही विचारले जाऊ लागले आहेत. आपल्याकडची चर्चा बहुधा दोन वाक्यांत आटोपते. एक जण म्हणतो की आपण जे नाही ते होणे म्हणजेच अभिनय, मग खुन्याचे काम करायला खुनी आणायचा का? दुसरा म्हणतो की ज्याचे जळते त्यालाच कळते. दोन्ही वाक्यांत तथ्य आहे, म्हणून दोघेही आपापल्या जागी बसून राहतात. माझ्या समजुतीप्रमाणे यात दोन निराळे प्रश्न एकमेकांत गुरफटले आहेत. भूमिका करता येते का, हा एक प्रश्न झाला, आणि भूमिका मिळते कोणाला, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर सोपे आहे आणि ते दुसऱ्याच्या तोंडावर फेकले जाते, तिथे घोळ होतो.

शब्द आधी नीट लावून घेतलेले बरे. माणसाला कोणाविषयी आकर्षण वाटते, त्याला त्याचा लैंगिक कल म्हणतात. त्यावरून समलिंगी, भिन्नलिंगी वगैरे शब्द आले. माणूस स्वतःला पुरुष मानतो, स्त्री मानतो की या दोन्हींत बसत नाही, हा त्याचा लिंगभाव. जन्माच्या वेळी नोंदलेले लिंग आणि आपला लिंगभाव यांचा मेळ ज्यांच्या बाबतीत बसत नाही त्या पारलिंगी व्यक्ती, ज्यांना हल्ली ट्रान्स असेही म्हणतात. चालण्या-बोलण्यातला नाजूकपणा ही तिसरीच गोष्ट असून तिच्यावरून ना कल कळतो ना लिंगभाव. गावगप्पांत मात्र या तिन्हींचे एकच गाठोडे बांधून त्यावर ‘बायल्या’ अशी चिठ्ठी चिकटवली जाते, आणि पुढचे सगळे गैरसमज त्या गाठोड्यातून निघतात.

कोणी कोणाचे सोंग घ्यावे, हा विचार आपल्याकडे नवा नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात पात्रनिवडीचे तीन प्रकार सांगितले आहेत. स्त्रीने स्त्रीची आणि पुरुषाने पुरुषाची, वयाला साजेशी भूमिका करणे ही अनुरूपा. पोराने म्हाताऱ्याचे किंवा म्हाताऱ्याने पोराचे काम करणे ही विरूपा. आणि पुरुषाने स्त्रीची किंवा स्त्रीने पुरुषाची भूमिका करणे ही रूपानुरूपा. म्हणजे नटाचे आयुष्य आणि पात्राचे आयुष्य जुळलेच पाहिजे असा आग्रह तिथे नाही, पण ते जुळते की नाही ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे, एवढी जाण मात्र आहे. त्याच ग्रंथात लोकधर्मी आणि नाट्यधर्मी असा भेद केलेला आहे: जगात जसे घडते तसे दाखवणे ही एक रीत, आणि संकेताने, सोंगाने दाखवणे ही दुसरी. दशावतारातली राणी नाट्यधर्मी आहे. लुगड्याआड पुरुष आहे हे प्रेक्षकाला माहीत असते आणि त्याची त्याला हरकत नसते. कॅमेऱ्याची गोष्ट वेगळी. तो चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर येतो आणि जे दिसते ते खरेच आहे असे पटवू पाहतो. म्हणून जत्रेतला न्याय जसाच्या तसा पडद्याला लावता येत नाही, ही गोष्ट दशावताराचे कौतुक करताना आपण विसरतो.

करता येणे आणि मिळणे यांतला फरक मराठी रंगभूमीच्या इतिहासाइतका स्वच्छ दुसरीकडे क्वचितच दिसेल. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत नाटक उभे केले तेव्हापासून, काही अपवाद वगळता, जवळजवळ नव्वद वर्षे स्त्रियांच्या भूमिका पुरुषांनी केल्या. बालगंधर्वांनी (१८८८–१९६७) त्या इतक्या तोलाने केल्या की लुगडे कसे नेसावे आणि दागिना कसा घालावा, याचा धडा घरंदाज बायका त्यांच्याकडून घेत, असे आजही सांगितले जाते. पुरुषाला स्त्री साकारता येते का, या प्रश्नाचे याहून ठाम उत्तर मिळणार नाही. परंतु त्याच काळात नाटकात उभ्या राहणाऱ्या बाईला लोक नाके मुरडत, आणि ज्या बाईला गळा होता, बुद्धी होती, तिला ती दाखवायला जागा नव्हती. १९३३ साली नाट्यमन्वंतर या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ आणले, त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या, आणि पुढे तोच शिरस्ता झाला. बालगंधर्व अभिनयात कमी पडले म्हणून जुनी प्रथा गेली, असे कोणी म्हणणार नाही. इतकी वर्षे दाराबाहेर उभ्या असलेल्या बाया आत आल्या म्हणून ती गेली.

आता तोच चष्मा लावून पडद्याकडे पाहू. १९९३ च्या ‘फिलाडेल्फिया’ या चित्रपटात टॉम हँक्स यांनी एड्स झालेल्या समलिंगी वकिलाचे काम केले आणि त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे ऑस्कर मिळाले. त्यानंतर ‘कपोटी’ (२००५), ‘मिल्क’ (२००८), ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ (२०१८) आणि ‘द व्हेल’ (२०२२) या चित्रपटांतील समलिंगी पुरुषांच्या भूमिकांनाही तेच पारितोषिक मिळाले. हे नट स्वतःला समलिंगी म्हणवत नव्हते. (त्यांच्या मनातले मला अर्थातच माहीत नाही, आपण सगळेच हे गृहीत धरून बोलतो, आणि हे गृहीत धरणे पुढे आपल्याला नडणार आहे.) याउलट इयान मॅकेलन यांनी १९८८ साली आपण समलिंगी असल्याचे जाहीर केले, दहा वर्षांनी ‘गॉड्स अँड मॉन्स्टर्स’मधील समलिंगी दिग्दर्शकाच्या भूमिकेसाठी त्यांना नामांकन मिळाले, पण पारितोषिक मिळाले नाही. ‘रस्टिन’ (२०२३) साठी नामांकन मिळालेल्या कोलमन डोमिंगो यांचेही तसेच झाले. एकेका वर्षाच्या निकालावरून काही सिद्ध होत नाही हे खरे, कारण पारितोषिके शंभर कारणांनी दिली जातात. तरीही या यादीत एक जुनी मनोवृत्ती डोकावते. भिन्नलिंगी नटाने ही भूमिका केली की तिला धाडस म्हणतात, आणि समलिंगी नटाने केली की लोक म्हणतात, त्यात काय, तो तसाच तर आहे.

खरी अडचण दाराच्या दुसऱ्या बाजूला आहे. रॉक हडसन हे १९५० आणि ६० च्या दशकांतले हॉलिवूडचे प्रेमवीर नायक. ते समलिंगी होते ही गोष्ट जगाला कळली ती १९८५ साली, एड्सने त्यांचा मृत्यू होण्याच्या सुमारास. नायिकेच्या गळ्यात पडणारा नायक खऱ्या आयुष्यात स्त्रियांवर प्रेम करणाराच असला पाहिजे, नाहीतर तिकिटे खपणार नाहीत, ही धंद्याची समजूत होती आणि ती समजूत नटाला जन्मभर खोटे बोलायला लावत असे. ती किती पोकळ होती हे पुढे दिसले. ‘हाऊ आय मेट युअर मदर’ या लोकप्रिय अमेरिकी मालिकेत बायकांमागे धावणाऱ्या इसमाचे काम करणाऱ्या नील पॅट्रिक हॅरिस यांनी २००६ साली, मालिका ऐन भरात असताना, आपण समलिंगी असल्याचे सांगून टाकले. मालिका २०१४ पर्यंत चालली आणि तोवर ते त्याच भूमिकेत लोकांना हसवत राहिले. प्रेक्षक निर्मात्यांना वाटतो तितका भाबडा नसतो. आपल्याकडे हे जत्रेतल्या कोणत्याही आजीला ठाऊक आहे. राणी झालेल्या नटाविषयी कोणी कुजबुज केली की ती एका वाक्यात निकाल लावते, ‘काम बरा करता मां? मगे झाला.’

यावर उपाय म्हणून एक नियम पुढे आला: समलिंगी भूमिका समलिंगी नटांनाच द्यायच्या. ब्रिटिश लेखक रसेल टी. डेव्हिस यांनी २०२१ च्या ‘इट्स अ सिन’ या मालिकेत हे धोरण जाहीरपणे पाळले आणि त्याचे जोरदार समर्थनही केले. स्वतः हँक्स २०२२ साली एका मुलाखतीत म्हणाले की ‘फिलाडेल्फिया’तले आपले काम आज भिन्नलिंगी नटाला मिळणार नाही आणि ते योग्यच आहे. नियमामागची भावना मला समजते. शतकभर ज्यांना लपायला लावले त्यांना निदान त्यांच्या स्वतःच्या गोष्टीत तरी पहिल्या रांगेत उभे करावे, यात गैर काही नाही. शिवाय त्या मालिकेच्या बाबतीत लंडनमध्ये असे नट पुरेशा संख्येने, उघडपणे आणि निर्भयपणे उपलब्ध होते. नियम चालला तो या शेवटच्या गोष्टीमुळे. जिथे ती नाही तिथे काय होईल?

विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ १९८१ साली रंगमंचावर आले. एका मुलीवर प्रेम करणारी मुलगी मराठी नाटकाच्या केंद्रस्थानी आणणारे ते नाटक, आणि तिची भूमिका रोहिणी हट्टंगडी यांनी केली. त्या वेळी समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारे भारतीय दंडसंहितेचे कलम ३७७ जसेच्या तसे लागू होते आणि ‘मी समलिंगी आहे’ असे चारचौघांत सांगणारी मराठी अभिनेत्री सापडणे कठीण होते. तेव्हा हा नियम असता तर ते नाटक कपाटातच राहिले असते.

अलीकडचे उदाहरण मराठी वाचकाला आणखी जवळचे आहे. डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस हे अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक होते. फेब्रुवारी २०१० मध्ये काही जणांनी त्यांच्या घरात घुसून त्यांचे एका पुरुषासोबतचे चित्रीकरण केले, विद्यापीठाने त्यांनाच निलंबित केले, अलाहाबाद उच्च न्यायालयाने एप्रिलच्या आरंभी त्या निलंबनाला स्थगिती दिली आणि त्यानंतर आठवडाभरातच ते आपल्या घरात मृतावस्थेत सापडले. त्यांच्यावरचा ‘अलीगढ’ हा हिंदी चित्रपट २०१६ साली भारतात प्रदर्शित झाला, त्यात मनोज बाजपेयी सिरसांच्या भूमिकेत होते. कोणा समलिंगी नटाला हे काम का दिले नाही, असा प्रश्न त्यावर विचारता येईल. मग मराठी माणसाचे काम बिहारातून आलेल्या हिंदी नटाला का दिले, असेही विचारता येईल, आणि तो प्रश्न मात्र आपल्यापैकी फारसा कोणी विचारला नाही. म्हणजे नट आणि पात्र यांच्यातले कोणते अंतर चालते आणि कोणते खुपते, हे आपण सोयीने ठरवत असतो. त्या चित्रपटाचे लेखक अपूर्व असरानी स्वतः समलिंगी आहेत आणि ते लपवत नाहीत. एकाकी माणूस संध्याकाळी घरी बसून जुनी गाणी ऐकत पेला हातात धरतो, इतक्या साध्या प्रसंगात त्याला दयेचा विषय न बनवता उभे करणे, हे काम नटाच्या लैंगिक कलाने साधत नाही. प्रसंग लिहिणाऱ्याला काय ठाऊक आहे आणि बसवणाऱ्याला काय कळते, यावर ते अवलंबून असते. पात्रनिवडीच्या वादात लेखक आणि दिग्दर्शक यांचे नाव सहसा येतच नाही, याचे मला नेहमी नवल वाटते.

मघाशी ज्या गृहीत धरण्याचा उल्लेख केला त्याकडे आता येतो. नियम केला की तो पाळला जातो का हे पाहावे लागते. उंची दिसते, वयाचा दाखला असतो, मालवणी येते की नाही हे चार वाक्यांत कळते. लैंगिक कल मात्र विचारल्याशिवाय कळत नाही, आणि विचारणे हाच इथे घाव असतो. ‘हार्टस्टॉपर’ या ब्रिटिश मालिकेत मुलावर आणि मुलीवरही प्रेम जडू शकणाऱ्या शाळकरी पोराचे काम किट कॉनर या तरुण नटाने केले. तो एका अभिनेत्रीबरोबर दिसल्यावर, हा भिन्नलिंगी असून आमच्या भावनांशी खेळतो आहे, असे काही प्रेक्षकांनी समाजमाध्यमांवर म्हणायला सुरुवात केली. अखेर ऑक्टोबर २०२२ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, आपल्याला पुरुष आणि स्त्रिया दोघांविषयीही आकर्षण वाटते हे त्याने लिहून टाकले, आणि एका अठरा वर्षांच्या मुलाला हे उघड करायला भाग पाडल्याबद्दल त्या प्रेक्षकांचे उपरोधाने अभिनंदनही केले. ज्यांच्या भल्यासाठी हा आग्रह धरला जात होता त्यांच्यापैकीच एकाची त्यात फरफट झाली.

आमच्या तालुक्यातल्या एका हौशी नाट्यमंडळात मी काही वर्षे प्रॉम्प्टिंग करत असे. एका वर्षी स्पर्धेसाठी मंडळातल्याच एकाने नवे नाटक लिहिले होते. वसतिगृहात राहणाऱ्या दोन मित्रांपैकी एकाचे दुसऱ्यावर प्रेम बसते, एवढाच त्याचा गाभा. शाळा सुटल्यावर चौथीच्या वर्गात, बाके भिंतीला सरकवून, तालीम चालायची. त्या भूमिकेला आधी एका मुलाने होकार दिला आणि तिसऱ्या दिवशी सांगितले की घसा बसला आहे. त्याच्या जागी दुसरा घेतला, त्याचाही घसा आठवड्यात बसला. ऐन डिसेंबरात गावात घशाची साथ आली की काय, असे दिग्दर्शक वैतागून म्हणाला आणि सगळे हसले. पहिल्याच्या घरी सोयरीक चालू होती आणि मुलीकडच्यांच्या कानावर हे काम गेले तर, या धास्तीने आईने त्याला थांबवले होते, हे नंतर कळले. दुसऱ्याचे कारण त्याने स्वतः पुष्कळ वर्षांनी मला सांगितले. तो खरोखरच समलिंगी होता, आणि ते संवाद म्हणताना आपला आवाज कापतो, हा अभिनय नाही हे समोरच्या कोणाच्या तरी लक्षात येईल, अशी भीती त्याला रोज वाटत असे. (हे त्याच्या परवानगीने लिहितो आहे आणि ओळख पटू नये एवढे फेरफार केले आहेत.) आता कल्पना करा की त्या दिग्दर्शकाने, अत्यंत सद्भावनेने का होईना, खरा समलिंगी नट शोधायचे ठरवले असते. दोघांचेही उत्तर ‘नाही’ असेच आले असते, आणि दुसरा पुन्हा कधी त्या वर्गाची पायरी चढला नसता. कोकणातल्या वाडीत बातमी एसटीच्या आधी पोचते. ते नाटक बसलेच नाही. मंडळाने त्या वर्षी नेहमीचे विनोदी नाटक केले.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात गोपनीयता हा मूलभूत अधिकार असल्याचे सांगितले, आणि लैंगिक कल ही त्या गोपनीयतेतली अत्यंत महत्त्वाची बाब असल्याचे त्या निकालात नमूद झाले. ६ सप्टेंबर २०१८ रोजी नवतेज सिंग जोहर खटल्यात प्रौढांमधील संमतीच्या समलिंगी संबंधांपुरते कलम ३७७ रद्द ठरले. मात्र लैंगिक कलावरून खासगी क्षेत्रात कोणाला काम नाकारू नये, असे थेट बजावणारा सर्वंकष कायदा आपल्याकडे नाही. पारलिंगी व्यक्तींसाठी २०१९ चा कायदा आहे आणि तो नोकरीतल्या भेदभावाला मनाई करतो. ब्रिटनमध्ये २०१० च्या समानता कायद्याने आणि अमेरिकेत तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या बॉस्टॉक निकालाने लैंगिक कलावरून होणारा नोकरीतला भेदभाव बेकायदा ठरला आहे, म्हणून तिथले निर्माते ऑडिशनला आलेल्या नटाला हा प्रश्न विचारायला बिचकतात. गंमत अशी की तिथे समलिंगी भूमिका समलिंगी नटालाच देण्याची मागणी आणि नटाला कल न विचारण्याचे बंधन या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी नांदत आहेत.

पारलिंगी भूमिकांचा प्रश्न मात्र मी वेगळा काढतो, आणि तिथे माझे मत बरेच बदलते. इथे पुरुष नटाला साडी नेसवून पारलिंगी स्त्रीचे काम दिले की पडद्यावर पाहणाऱ्याच्या मनात हेच ठसते की अशी स्त्री म्हणजे साडी नेसलेला पुरुष. नेमका हाच गैरसमज त्या स्त्रीला भाड्याची खोली मिळू देत नाही आणि रेल्वेच्या डब्यात तिची टिंगल घडवतो. ‘द डॅनिश गर्ल’ (२०१५) मध्ये असे काम केलेल्या एडी रेडमेन यांनी २०२१ साली आपली ती चूक झाल्याचे मान्य केले. दुसरे असे की पारलिंगी नटाला बहुधा लपून राहता येत नाही, त्यामुळे त्याला इतर कोणतीच भूमिका मिळत नाही. समलिंगी नट गप्प राहून नायक होऊ शकतो, पारलिंगी नटाला तेवढीही पळवाट नसते. ‘ताली’ (२०२३) या मालिकेत पारलिंगी कार्यकर्त्या श्रीगौरी सावंत यांची भूमिका सुश्मिता सेन यांनी केली तेव्हा पारलिंगी नटीला का घेतले नाही, अशी टीका झाली. सावंत यांनी मात्र या निवडीचे स्वागत केले होते. यावर निर्माते सांगतात की मोठे नाव असल्याशिवाय पैसा उभा राहत नाही. ते खोटे बोलत नाहीत, पण नाव नाही म्हणून काम नाही आणि काम नाही म्हणून नाव नाही, हे चक्र कोणीतरी कुठेतरी थांबवावे लागते. ‘पेरंबू’ या तमिळ चित्रपटात मामुट्टींसमोर अंजली अमीर या पारलिंगी अभिनेत्रीला घेऊन ते थांबवले गेले, आणि ‘मेड इन हेवन’ या हिंदी मालिकेच्या २०२३ च्या भागांत त्रिनेत्रा हलदार गुम्मराजू यांना घेऊनही. दोन्ही ठिकाणी प्रेक्षक पळून गेले नाहीत.

भूमिका नटाला चिकटते, हीदेखील एक बाजू आहे. ‘ताली’चेच दिग्दर्शक रवी जाधव यांनी २०१० साली ‘नटरंग’ केला. तमाशातला नाच्या झालेल्या पहिलवानाला गाव कसे माणसातून उठवते, हे आनंद यादवांच्या कादंबरीवरून घेतलेले कथानक अतुल कुलकर्णींच्या कामामुळे घराघरांत पोचले. आमच्याकडे स्त्रीपार्टीला मान आहे, रात्रीची राणी सकाळी आंघोळ करून शेतावर जाते आणि गाव तिला भाऊ किंवा काका म्हणून हाक मारते. तरीही पोरासोरांच्या टोमण्यांतून ती पूर्णपणे सुटते असे मला वाटत नाही. म्हणूनच तालमीच्या जागी कोणते वळण लागते ते महत्त्वाचे. शाळेच्या गॅदरिंगपासून टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमापर्यंत मनगट मोडून, मान वेळावून हशा वसूल करण्याची जी सवय आपल्याला लागली आहे ती आधी सोडावी लागेल, आणि ती सोडायला समलिंगी नट लागत नाही. लिखाण हाती आल्यावर ज्यांनी हे जगलेले आहे अशा एखाद्या माणसाला ते वाचायला देणे आणि ‘हे असे नसते’ असे तो म्हणाला तर ते ऐकून घेणे, एवढे आमच्या तालुक्याच्या मंडळालाही परवडणारे आहे. जो उघडपणे समलिंगी आहे तो ऑडिशनला आला तर त्याला फौजदाराचे, सासऱ्याचे, नायकाचे असे हवे ते काम करून दाखवू द्यावे. ज्याला सांगायचे नाही त्याला कोणी विचारू नये.

त्या मंडळाचा ऑडिशनचा छापील अर्ज अजून तोच आहे: नाव, वय, उंची, कोणती वाद्ये वाजवता, मालवणी येते का, पोहता येते का. शेवटचा प्रश्न कोणा जुन्या माणसाने एका खाडीकाठच्या नाटकासाठी घातला होता आणि तो काढायचे राहून गेले. घसा बसलेला दुसरा मुलगा मुंबईहून परतला असून आता काजूचा धंदा करतो. गेल्या पावसाळ्यात त्याने तो अर्ज भरला आणि त्याला फौजदाराचे काम मिळाले. संवाद पाठ आहेत, दम देण्याचा आवाजही चांगला लागतो, फक्त गोंदाने चिकटवलेल्या मिशीची खाज सुटते म्हणून ती लावायला तो अजून कबूल होत नाही.